अडीच जीबीची स्लाइड, १६ जीबीचा लॅपटॉप आणि की-६७ चा आकडा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.डी.च्या प्रबंधासाठी तुझ्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या ६२ केसेस आहेत. की-६७ चं इम्युनो (विभागणाऱ्या पेशींचे न्यूक्लियस अँटिबॉडीने तपकिरी दाखवणारी तपासणी) केलेल्या स्लाइड तू बाहेरून स्कॅन करून आणल्यास, एकेक फाइल दीड ते अडीच जीबीची. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. इमेजजे या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायला गेलीस की मेमरी संपल्याचा संदेश येतो. शेवटी क्यूपाथमध्ये एक उघडली, तर सॉफ्टवेअर म्हणालं ३४ टक्के पेशी पॉझिटिव्ह आणि तुझ्या गाइडनी डोळ्यांनी बघून सांगितले १८. आता तू विचारते आहेस, मोठा कॉम्प्युटर घेऊ की विकतचं सॉफ्टवेअर?

दोन्हीपैकी काहीही घेऊ नकोस. फाइल मोठी असण्याचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे, आणि ज्यांनी सोडवला त्यांनी उत्तर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे. तुझा खरा प्रश्न ३४ आणि १८ मधल्या फरकाचा आहे. तो रॅम वाढवून सुटणार नाही. म्हणून पहिला भाग भराभर सांगते आणि दुसऱ्यावर थांबते.

आधी हिशेब कर. ४० एक्सवर स्कॅन केलं की साधारणपणे एक पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा पडतो. टिश्यू २० मिलिमीटर बाय १५ मिलिमीटर असेल, तर चित्र होतं ८०,००० बाय ६०,००० पिक्सेलचं, म्हणजे ४८० कोटी पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट धरले की १४.४ जीबी. डिस्कवर अडीच जीबी दिसतात कारण आतलं चित्र जेपेग पद्धतीने दाबून भरलेलं असतं. रॅममध्ये आलं की ते पूर्ण उलगडतं. तुझ्या १६ जीबीत विंडोजही राहायचं आहे. आणि समजा ६४ जीबी रॅम टाकलीस, तरी इमेजजेमध्ये हे चित्र एकसंध उघडणार नाही. इमेजजे जावामध्ये लिहिलेलं आहे आणि जावाच्या एका अ‍ॅरेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ घटक बसतात. तुझं चित्र त्याच्या दुपटीहून मोठं आहे. तसंच अख्खी स्लाइड पूर्ण बारकाव्यासह जेपेग म्हणून सेव्ह करायला गेलीस तर तेही होणार नाही, कारण जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जाऊ शकत नाही. इमेजजेला नावं ठेवू नकोस. वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत ते सुरू केलं आणि मी आजही ते रोज वापरते, पण कापून घेतलेल्या तुकड्यांवर.

मग अख्खी स्लाइड बघायची कशी? कधी सिटी सर्व्हे ऑफिसात गेली असशील तर आठव. भिंतीवर सगळ्या बडोदा शहराचा नकाशा असतो, त्यात मांडवी नखाएवढी. आपल्याला हवं असतं मांडवीजवळच्या एका पोळातलं (जुन्या गल्लीतलं) एक घर. कारकून अख्खं कपाट टेबलावर ओतत नाही. तो भिंतीवर बघतो, शीटचा नंबर काढतो आणि तेवढी एक शीट समोर ठेवतो. स्कॅन केलेल्या स्लाइडची फाइल आतून अशीच रचलेली असते. एकच चित्र मोठं, मध्यम, लहान अशा पायऱ्यांनी साठवलेलं असतं, आणि मोठ्या पायऱ्यांचे छोटे चौकोन केलेले असतात, बहुधा २५६ पिक्सेलच्या आसपासचे. त्यांना टाइल म्हणतात. प्रत्येक पायरी आधीच्या निम्म्या लांबीरुंदीची असली, तरी सगळ्या पायऱ्यांची मिळून जास्तीची जागा मूळ चित्राच्या एक तृतीयांशच लागते. वरच्या उदाहरणात १६ पट लहान केलेली पायरी ५,००० बाय ३,७५० ची, म्हणजे जेमतेम ५६ एमबी. टिश्यू कुठे आहे, काच कुठे आहे, पेनाची खूण कुठे आहे, एवढं शोधायला ती पुरे.

हव्या त्या पायरीवरचा हवा तो चौकोन काढून देण्याचं काम ओपनस्लाइड नावाची सॉफ्टवेअर लायब्ररी करते. ती कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाली. एसव्हीएस, एनडीपीआय, एससीएन, एमआरएक्सएस असे वेगवेगळ्या स्कॅनर कंपन्यांचे फॉरमॅट तिला वाचता येतात. जे तिला येत नाहीत त्यातले बरेच बायो-फॉरमॅट्सला येतात. क्यूपाथ या दोन्हींचा आधार घेतं. पीट बँकहेड यांनी ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात लिहिलं, २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आता एडिनबरोहून त्याचं काम चालतं. ते फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतो. प्रबंधाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. परीक्षकांनी विचारलं, "हा आकडा आला कसा?", तर तुला प्रत्येक पायरी दाखवता येते.

हात बसवायचा असेल तर आपल्या केसेसवर सुरुवात करू नकोस. ओपनस्लाइडच्या नमुन्याच्या फाइलींमध्ये सीएमयू-१ नावाची एक एसव्हीएस आहे. ४६,००० बाय ३२,९१४ पिक्सेल, फाइल सुमारे १७० एमबी, उलगडली तर साडेचार जीबी. तुझ्याच लॅपटॉपवर ती क्यूपाथमध्ये उघड आणि माउसचं चाक फिरव. क्षणभर धूसर दिसतं, मग स्पष्ट होतं. तो क्षण म्हणजे शीट कपाटातून टेबलावर येणं. म्हणूनच फाइली पेन ड्राइव्हवरून उघडू नयेत. इथून तिथून छोटे चौकोन उचलताना पेन ड्राइव्ह फार रेंगाळतो. पैसे घालायचेच असतील तर एका बऱ्यापैकी एसएसडीत घाल.

फाइली आणतानाची एक गोष्ट मात्र सावकाश सांगते, कारण त्यात एका मुलाचे दोन आठवडे गेले. तो माझ्याकडे रावपुऱ्यात लॅबवर आला तेव्हा पेन ड्राइव्हवर ४० एमआरएक्सएस फाइली होत्या आणि एकही उघडत नव्हती. त्याने क्यूपाथ तीनदा काढून घातलं होतं. मी फक्त फाइलींचे आकार बघितले. प्रत्येक काही केबीची. एमआरएक्सएसमध्ये ती फाइल म्हणजे नुसतं दार असतं. खरा माल त्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आत स्लाइडडॅट नावाची एक छोटी मजकुराची फाइल आणि बरेच डेटाचे तुकडे. स्कॅन करून देणाऱ्यांनी फाइली दिल्या, फोल्डर दिलेच नाहीत. तो परत गेला तोवर तिथल्या डिस्कवरून निम्मे पुसले गेले होते. व्हीएसआय फाइलींचंही असंच असतं. तेव्हा घ्यायला जाशील तेव्हा तिथेच, त्यांच्यासमोर, प्रत्येक स्लाइड एकदा उघडून पूर्ण झूम करून बघ. फाइलचं नाव बदलायचं असेल तर फोल्डरचंही बदलावं लागतं, नाहीतर जोडी तुटते.

उघडल्यावर पहिलं काम: क्यूपाथच्या इमेज टॅबमध्ये पिक्सेलची रुंदी बघ. तिथे ०.२५ किंवा ०.५ मायक्रॉनच्या आसपासचा आकडा हवा. तिथे मायक्रॉनच नसेल, तर कुणीतरी फाइल मध्येच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलताना माप हरवलं आहे. सॉफ्टवेअर तरीही तक्रार न करता मोजतं, पण पेशीचं किमान क्षेत्रफळ, कमाल क्षेत्रफळ, न्यूक्लियसभोवतीचं अंतर, सगळं पिक्सेलमध्ये धरतं. आकडा येतो आणि तो निरर्थक असतो. तुझ्या ६२ पैकी काही २० एक्सवर आणि काही ४० एक्सवर स्कॅन झाल्या असतील, तर हे माप बरोबर असणं आणखी गरजेचं. न्यूक्लियस मोजायला ०.५ मायक्रॉन पुरतो. लिम्फोसाइट या लहान पांढऱ्या रक्तपेशीचा ७ मायक्रॉनचा न्यूक्लियससुद्धा तिथे १४ पिक्सेलचा दिसतो.

आता ३४ आणि १८.

तू पाठवलेले तीन स्क्रीनशॉट मी मोठे करून बघितले. क्यूपाथ पॉझिटिव्ह पेशीभोवती लाल आणि निगेटिव्हभोवती निळी रेघ काढतं, हे तुला माहीत आहे. पहिल्या चित्रात ट्यूमरच्या घरट्यांमध्ये निळ्या रेघा आहेत, मधूनमधून लाल. इथे सॉफ्टवेअर आणि तुझे गाइड यांचं भांडण नाही. दुसऱ्या चित्रात उजव्या कोपऱ्यात बघ. एका डक्टच्या (दूधनलिकेच्या) कडेला लहान, गोल, गच्च न्यूक्लियसांचा थवा आहे आणि त्यातल्या कितीतरी भोवती लाल रेघ आहे. ते ट्यूमर नाही, ते लिम्फोसाइट आहेत. विभागणारा लिम्फोसाइट की-६७ ला पॉझिटिव्हच असतो, त्यात अँटिबॉडीची चूक नाही. तू अख्ख्या टिश्यूभोवती एकच चौकट काढून बटण दाबलंस, म्हणून सॉफ्टवेअरने त्यांनाही पंगतीत बसवलं. आणि तो डक्ट? त्यात मला इन सिटू, म्हणजे नळीच्या आतच राहिलेला, भाग दिसतो आहे. स्तनाच्या की-६७ मध्ये फक्त इन्व्हेजिव्ह, म्हणजे नळीबाहेर पसरलेला, भाग मोजायचा असतो. तुझ्या गाइडनी तो डोळ्यांनी आपोआप वगळला, कारण वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे. सॉफ्टवेअरला ती सवय नाही, ती तुला चौकट काढून द्यावी लागते.

तिसरं चित्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तिथे लाल रेघा बरोबर आहेत, एकही खोटी नाही. पण निळ्या रेघा फार थोड्या आहेत. नीट बघ, मध्ये फिकट, करड्या-निळ्या न्यूक्लियसांची रांगच्या रांग आहे आणि त्यांच्याभोवती रेघच नाही. काउंटरस्टेन, म्हणजे बाकीच्या न्यूक्लियसांना दिलेला निळा रंग, हलका पडला आहे, म्हणून ते सॉफ्टवेअरला दिसलेच नाहीत. शाळेतलं अपूर्णांकाचं गणित आहे हे. अंश बरोबर, छेद कमी, म्हणून टक्केवारी फुगली. आपण सगळे तपकिरी पेशी नीट पकडल्या का एवढंच बघतो; न पकडलेल्या निळ्या पेशींकडे कुणाची नजर जात नाही, आणि माझ्या अनुभवात की-६७ चे बहुतेक फुगलेले आकडे इथूनच येतात.

यावर उपाय आहेत आणि ते क्रमाने कर. आधी इमेजचा प्रकार ब्राइटफील्ड एच-डॅब (निळा हिमॅटॉक्सिलिन, तपकिरी डॅब) असा ठेव. मग ज्या भागात स्वच्छ काच, निळे न्यूक्लियस आणि तपकिरी न्यूक्लियस तिन्ही आहेत असा छोटा चौकोन काढ आणि एस्टिमेट स्टेन व्हेक्टर्स चालव. रुईफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडलेली रंग वेगळे करण्याची पद्धत यामागे आहे. प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा प्रकाश किती शोषतो यावरून निळ्याचा आणि तपकिरीचा वाटा वेगळा काढायचा. तुझ्या लॅबचं हिमॅटॉक्सिलिन आणि तुझ्या स्कॅनरचा दिवा यांना मूळ सेटिंगमधले आकडे चालतीलच असं नाही.

मग सेल डिटेक्शनमध्ये न्यूक्लियस कशावरून शोधायचे तिथे ऑप्टिकल डेन्सिटी सम (सगळ्या रंगांचा मिळून गडदपणा) निवड. गडद तपकिरी न्यूक्लियसात निळा रंग जवळजवळ झाकला जातो. फक्त हिमॅटॉक्सिलिनवर शोधलंस तर पॉझिटिव्ह सुटतात. शोधण्याचा थ्रेशोल्ड (किती गडद असलं की धरायचं ती सीमा) मूळचा ०.१ असतो. तो थोडा थोडा खाली आणत फिकट निगेटिव्ह पकडले जातात का बघ. फार खाली गेलीस तर स्ट्रोमातल्या (ट्यूमरभोवतीच्या आधार देणाऱ्या टिश्यूतल्या) रेषाही न्यूक्लियस म्हणून येतील. हे काम एका मोठ्या भागावर करू नकोस. पाच वेगवेगळ्या स्लाइडमधले छोटे चौकोन घे, त्यात एक फिकट, एक गडद, एक सुरकुतलेली मुद्दाम घे, आणि पाचांवर चालेल असा एकच आकडा ठरव. ठरला की वहीत लिही आणि मग ६२ स्लाइड संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाइडच्या आकड्याशी जुळावं म्हणून एकेका स्लाइडला थ्रेशोल्ड बदलणारे प्रबंध मी पाहिले आहेत. तसं करण्यापेक्षा गाइडचाच आकडा लिहिलेला बरा, निदान तो खरा तरी असतो.

पॉझिटिव्ह ठरवण्याचा थ्रेशोल्ड वेगळा, तो डॅबच्या सरासरीवर असतो. तो कंट्रोलवर, म्हणजे काय दिसायला हवं ते आधीच माहीत असलेल्या टिश्यूवर, ठरव. की-६७ ला टॉन्सिलसारखा कंट्रोल नाही. जर्मिनल सेंटर भरून तपकिरी, एपिथेलियमचा तळाजवळचा थर तपकिरी, वरचे थर स्वच्छ निळे. जो थ्रेशोल्ड हे चित्र जसंच्या तसं रेघांमध्ये उमटवतो तो तुझा. आणि न्यूक्लियस किती गडद आहे यावरून प्रोटीन किती आहे असं काही लिहू नकोस. डॅब हा प्रकाश नुसता शोषत नाही, विखुरतोही, त्यामुळे गडदपणा आणि प्रमाण यांचं सरळ नातं लागत नाही. की-६७ मध्ये न्यूक्लियस तपकिरी आहे की नाही, एवढंच विचारायचं.

ट्यूमर आणि लिम्फोसाइट वेगळे करायला दोन वाटा आहेत. हाताने इन्व्हेजिव्ह भागाभोवती चौकटी काढणं, किंवा क्यूपाथला उदाहरणं दाखवून शिकवणं. ६२ स्लाइड आहेत, सहाशे नाहीत. तू हाताने काढ. ब्रश आणि वाँड ही दोन टूल्स हाताशी आली की एका स्लाइडला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत तू ती स्लाइड खरोखर बघतेस. ट्यूमरमध्ये मिसळलेले लिम्फोसाइट चौकटीने वेगळे होणार नाहीत, तिथे ऑब्जेक्ट क्लासिफायर वापर. ट्यूमर, स्ट्रोमा, लिम्फोसाइट असे तीन वर्ग पुरेत. पण उदाहरणं एकाच स्लाइडमधून घेऊ नकोस. निरनिराळ्या स्लाइडमधले तुकडे एकत्र मांडून एक ट्रेनिंग इमेज बनवण्याची सोय आहे, ती वापर. आणि ज्या रुग्णांच्या स्लाइडवर शिकवलंस, त्यांच्यावरच तपासणी करून बरोबर येतंय असं म्हणायचं नाही. तपासणीचे रुग्ण वेगळे.

तू ग्राफिक्स कार्ड आणि डीप लर्निंगबद्दलही विचारलं होतंस. स्टारडिस्ट, सेलपोज ही चांगली आणि खुली साधनं आहेत, एकमेकांना चिकटलेले न्यूक्लियस ती सुरेख वेगळे करतात, आणि स्टारडिस्ट क्यूपाथमधून साध्या प्रोसेसरवरही चालतं, फक्त हळू. तुझ्या ट्यूमरमध्ये न्यूक्लियस इतके खेटून असतील की साधी पद्धत दोनाचा एक करते, तर वापरून बघ. नाहीतर या कामाला त्यांची गरज नाही.

आता आकड्याच्या नेमकेपणाबद्दल. की-६७ हे नाव कील शहरावरून आणि ज्या प्लेटमध्ये ती अँटिबॉडी सापडली तिच्या ६७ व्या खाचेवरून पडलं. १९८३ मध्ये गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ आपण हे मोजतो आहोत आणि तरीही स्तनाच्या बाबतीत २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने एवढंच म्हटलं की ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, या दोन टोकांवर विश्वास ठेवता येतो. मधला प्रदेश डळमळीत आहे. तुझा वाद १८ आणि ३४ चा आहे, म्हणजे एक आकडा मधल्या प्रदेशात आणि दुसरा वरच्या टोकाला. रुग्णाच्या दृष्टीने तो लहान फरक नाही.

डोळ्यांनी ५०० पेशी मोजल्यास आणि २० टक्के आले, तर नुसत्या योगायोगाने खरा आकडा १६.५ ते २३.५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. सॉफ्टवेअरने ५०,००० पेशी मोजल्या तर हाच पट्टा १९.६५ ते २०.३५ इतका अरुंद होतो. हे बघून मोह होतो की दशांश चिन्हापुढचे दोन अंकही खरे मानावेत. तसं मानू नकोस. हा हिशेब फक्त पेशींच्या संख्येचा आहे. चौकट हॉटस्पॉटवर (सगळ्यात जास्त तपकिरी पेशींच्या भागावर) काढली की सगळ्या ट्यूमरवर, याने जो फरक पडतो तो याहून कितीतरी मोठा असतो, आणि तो ५०,००० पेशी मोजूनही कमी होत नाही. तेव्हा हॉटस्पॉट की सरासरी हे पहिल्या दिवशी ठरव, पद्धतीच्या प्रकरणात लिही, आणि गाइडनाही तेच मोजायला सांग. मला शंका आहे की तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होता.

तुलना करताना गाइडना सॉफ्टवेअरचा आकडा आधी दाखवू नकोस. आणि निकालात नुसता कोरिलेशनचा (दोन्ही आकडे एकत्र वरखाली होतात का याचा) आकडा देऊन थांबू नकोस. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी दुप्पट सांगत असेल तरी कोरिलेशन एकच्या जवळ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ ची पद्धत वापर. आडव्या अक्षावर दोघांची सरासरी, उभ्यावर दोघांमधला फरक. सॉफ्टवेअर कुठे फुगवतं ते त्या एका चित्रात दिसेल, आणि बहुतेक ते हलक्या काउंटरस्टेनच्या स्लाइडवर दिसेल.

एक गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, ती म्हणजे फिक्सेशन, फॉर्मलिनमध्ये टिश्यू टिकवणं. तुझ्या काही केसेस डभोई, पादऱ्याकडून आलेल्या आहेत असं तू म्हणालीस. अख्खा स्तन न कापता फॉर्मलिनच्या डब्यात पडून आला असेल, तर बाहेरचा एखादा सेंटिमीटर नीट फिक्स होतो आणि आत, नेमका ट्यूमर असतो तिथे, पेशी मरत राहतात. फिक्सेशन उशिरा झालं की की-६७ खाली येतो. स्तनासाठी फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास हा नियम उगाच नाही. प्रत्येक केसचा डब्यात पडल्याचा आणि ग्रॉसिंगचा (नमुना कापून तुकडे घेण्याचा) वेळ रजिस्टरमधून काढ. ज्यांचा सापडत नाही त्यांची वेगळी खूण कर. स्लाइडवर तो फरक दिसतोही. कडेला तपकिरी ठिपके भरपूर, मध्ये एकदम ओस, आणि मधले न्यूक्लियस पुसट. असा भाग चौकटीत घेऊ नकोस.

एवढं झालं की उरलेलं काम लॅपटॉपचं. क्यूपाथमध्ये एका स्लाइडवर केलेल्या पायऱ्या वर्कफ्लो टॅबमध्ये नोंदलेल्या असतात. त्यांची स्क्रिप्ट बनव, नको त्या ओळी काढ, आणि सगळ्या प्रोजेक्टवर चालव. रात्री लावून झोप. सकाळी सगळे आकडे एका तक्त्यात काढता येतात. प्रबंधात क्यूपाथच्या आवृत्तीचा क्रमांक आणि स्क्रिप्ट दोन्ही दे. आणि मधेच नवी आवृत्ती आली तरी काम संपेपर्यंत घालू नकोस.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये मूळ चित्रं नसतात, फक्त त्यांचा पत्ता आणि तुझ्या चौकटी असतात. म्हणून बॅकअप दोन्हींचा हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची तळमजल्याची खोली कमरेपर्यंत भरली. टिश्यूचे मेणातले ब्लॉक वरच्या मजल्यावर होते, ते वाचले. पण एका प्रबंधाच्या फाइलींची एकमेव हार्ड डिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये होती. स्लाइड पुन्हा स्कॅन झाल्या, पण त्या मुलीने तीन महिने हाताने काढलेल्या चौकटी गेल्या. त्या चौकटींची फाइल काही एमबीची असते. ती रोज रात्री दुसरीकडे कॉपी कर. १२५ जीबीच्या मूळ फाइली एकदाच दोन डिस्कवर ठेव, एक घरी, आणि कॉपी झाल्यावर चेकसम (कॉपी तंतोतंत आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवून बघ.

आणखी एक. एसव्हीएसमध्ये स्लाइडच्या लेबलचा फोटोही साठवलेला असतो. फाइलचं नाव बदललंस तरी त्या फोटोत रुग्णाचं नाव किंवा नंबर तसाच राहतो. इमेज टॅबमधून तो उघडून बघ. मला पाठवलेल्या दोन फाइलींमध्ये तो वाचता येत होता. मी त्या पुसल्या आहेत. पुढच्या वेळी कुणालाही देण्याआधी लेबल काढून टाक, आणि स्कॅन करायला देतानाच लेबलवर फक्त प्रबंधाचा क्रमांक लाव.

या आठवड्यात सगळ्या ६२ ला हात लावू नकोस. तीनच स्लाइड कर: एक जिथे तुमचे आकडे जुळले, एक ही ३४ आणि १८ ची, आणि एक सगळ्यात फिकट. चौकटी काढ, पाच चौकोनांवर थ्रेशोल्ड ठरव, आणि त्या तीन काचेच्या मूळ स्लाइड घेऊन रविवारी सकाळी दहानंतर लॅबवर ये. दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप मोकळा असतो. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप ठेवून तो डक्टचा कोपरा आपण पेशी-पेशी करून बघू.